तीन अक्षरांचं अस्तर

७ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुम्ही रागावला असाल तर रागावलेल्या तुम्हांला नमस्कार, आणि रागावलेच नाही असं लोकांना सांगत असाल तर त्या तुम्हांलाही एक वेगळा नमस्कार. बोलतेय मी, लिहितेय आपली नात. तुमच्या लेकीची आणि माझ्या मुलाची ही एकुलती एक, म्हणजे अर्धी तुमची, अर्धी माझी. जी अर्धी तुमची आहे ती अक्षर सुरेख काढते. जी माझी आहे ती मध्येच खिदळते. तिला बजावलंय, मी म्हणेन तेच लिहायचं, कानावर पडेल तसं, शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.

बातमी अशी. परवा उशीच्या अभ्र्याला टीप घालून झाली, धागा तोडायला गेले, तर धागा शाबूत राहिला आणि माझे समोरचे वरचे दोन हात तुटले. कात्री शेजारीच होती. पण जन्म शिवणात गेला, कात्री कापडाला आणि तोंड धाग्याला ही सवय काही जात नाही. आता हसले की मधला दरवाजा सताड उघडा दिसतो.

तुम्ही खालच्या मजल्यावरच्या तुमच्या खोलीला कुलूप लावून लेकाकडे गेलात त्याचं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पोरीला डॉक्टरकीला जागा मिळाली होती, ती सोडून ही प्रयोगशाळेत गेली. तुम्ही म्हणालात, माणसं बरी करायची सोडून ही आता पत्र्याला डिंक लावत बसणार. मी हसले. तेव्हा माझ्या तोंडात सगळं जागच्या जागी होतं, त्यामुळे हसू जरा जास्तच ठळक दिसलं असावं. तुम्ही माझ्याशी बोलत नाही ते एकवेळ राहू द्या, मला तेवढीच शांतता. पण तुम्ही पोरीशीही बोलत नाही. ती फोन लावते आणि तुमचा मुलगा सांगतो, आई अंघोळीला गेलीय. विहीणबाई, इतक्या अंघोळी या वयात सोसत नाहीत.

तुमच्या त्या शब्दावरून मी तिला डिंकी म्हणते. तिला आवडतं. आता पुढचं नीट लिही, डिंके. हातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, हाडात दोन स्क्रू बसवू, वर टोप्या घालू. शिवाय इथे एक चाचणी चाललीय, तुमची इच्छा असेल तरच. एक स्क्रू साधा आणि एकाला नवं अस्तर. कुठला डावीकडे आणि कुठला उजवीकडे ते तुम्हांलाही कळणार नाही आणि मलाही नाही, ते पाकिटात बंद. सगळा कागद त्यांनी मला दोनदा वाचून दाखवला. मी एवढंच विचारलं, हे अस्तर बनतं कुठे? त्यांनी जागा सांगितली. मी अंगठा दिला.

  

८ फेब्रुवारी, तेच पत्र

काल इथेच पेन थांबलं. लिही म्हटलं तर लिहीना, उठून तडक आपल्या सरांकडे गेली, म्हणाली, माझ्या आजीला यातून काढा. सरांनी विचारलं, रोग्यांची मापं तू घेतेस का? नाही. पाकिटं तुझ्याकडे आहेत का? नाही. मग आजीच्या अंगठ्याचा मान ठेव, म्हणाले, आणि तिच्या तोंडात डोकावू नकोस. तेव्हापासून ती जेवताना भिंतीकडे बघते.

आता तुमच्यामाझ्यातलं. पैज लावू. स्क्रू हाडाने धरले, तर तुम्ही यायचं आणि पोरीशी स्वतःच्या तोंडाने बोलायचं. नाही धरले, तर मी भर गल्लीत उभी राहून म्हणेन की आमच्या मास्तरीण विहीणबाईंचं बरोबर होतं, पोरीने डॉक्टरच व्हायला हवं होतं. विचार करा. मला असं म्हणताना ऐकायची संधी पुन्हा येणार नाही.

तुमची विहीण
(खाली निळा आहे तो अंगठा. काळा आहे तो मशीनच्या तेलाचा डाग.)


२ मार्च

विहीणबाई,

तुमचं उत्तर आलं. म्हणजे माझंच पत्र परत आलं, लाल पेन्सिलीने रंगलेलं. सोबत एक ओळ नाही, खाली सही नाही. मला वाचता येत नसलं तरी लाल दिसतं. म्हटलं, एवढं लाल आहे म्हणजे बाई तब्येतीने ठणठणीत.

डिंकीने एकेक चूक वाचून दाखवली. सगळ्यांत वर म्हणे, तुम्ही ‘हात’ खोडून ‘दात’ केलंय, प्रत्येक ठिकाणी. तिला विचारलं, अगं, मी हात कशाला म्हणेन? तर म्हणते, तूच म्हणालीस कानावर पडेल तसं लिही. विहीणबाई, हा शब्द म्हणायलाच मुळात तो वस्तू तोंडात असावा लागतो. ‘तो वस्तू’ नव्हे, ‘ती वस्तू’, डिंकी सांगतेय. राहू दे. बाईंना पेन्सिलीला टोक करून ठेवायला काही कारण नको का?

स्क्रू बसले. दुखलं थोडं, डॉक्टरीणबाईंनी मध्ये मला बोलू दिलं नाही ते जास्त दुखलं. आता हाड त्यांना धरतंय की नाही, एवढंच बघायचं. मी डाव्यावर पैसे लावले असते, डावा मला समजूतदार वाटतो.

तुम्ही डिंक म्हणता ना, तो काय प्रकार आहे ते मी तिला काल नीट विचारलं. तिने चमचा घेतला. म्हणाली, आजी, हा तुझा स्क्रू. गुळगुळीत, स्वच्छ. हाडाच्या पेशी येतात, चाचपतात, ओळखीचं काही सापडत नाही. शेवटी धरतात बहुतेक वेळा, पण आढेवेढे घेत. म्हणून आम्ही त्यावर प्रथिनाचे अगदी चिमुकले तुकडे लावतो. शरीरात पेशी जिथे तळ ठोकते तिथे ज्या खुणेला धरून बसते, तीच खूण. तीन मण्यांची. प्रत्येक मण्याला आम्ही एकेक अक्षर दिलंय. पेशीने ती तीन अक्षरं वाचली की ती म्हणते, हे तर आपल्याच घरचं, आणि धरते.

मी म्हटलं, म्हणजे माझ्या हाडाला वाचता येतं आणि मला येत नाही.

तिला इतकं हसू आलं की चमचा खाली पडला. मग म्हणाली, खरी मेहनत लावण्यात आहे. एक टोक धातूला पक्कं, धुतलं तरी न सुटणारं, आणि अक्षरांचं टोक बाहेर, मोकळं. तुकडा आडवा पडला की अक्षरं धातूखाली दबली, मग कोण वाचणार? मी म्हटलं, म्हणजे अस्तर उलटं लागलं, चांगली बाजू आत. ती म्हणाली, जवळजवळ. तिचं ‘जवळजवळ’ म्हणजे ‘नाही’, पण लाडाने.

हे सांगताना तिचा चेहरा बघायला हवा होता. तुमच्याकडे पहिली कविता पाठ म्हणून दाखवली होती तेव्हाचा होता ना, तसाच.

तुमची विहीण


२० एप्रिल

आदरणीय विहीणबाई यांस सादर प्रणाम.

आपण सुधारून पाठवलेले दुसरे पत्रही मिळाले. आपल्या मार्गदर्शनाबद्दल आभारी आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. स्क्रू स्थिर असल्याचे दंतवैद्यांचे मत आहे. सध्या उन्हाचा कडाका आहे. आपली खुशाली कळवावी, ही विनंती.

आपली नम्र,
विहीण

(हे पत्र शब्दकोश समोर ठेवून लिहिले आहे. एकही चूक नाही. – लेखनिक)


११ जून

विहिणबाई,

एप्रिलच्या पत्राला तुमच्याकडून काहीच आलं नाही. लालही नाही. पोस्टमन जिन्याखाली दिसला की डिंकी वरून वाकून बघायची, आणी तो नुसता हात हलवून पुढे जायचा. आधी वाटलं, तुम्ही आजारी असाल. तुमच्या मुलाला फोन केला तर आई अंघोळीला. म्हटलं, मग बरी आहे.

आज डॉक्टरीणबाईंनी मापं घेतली. स्क्रूवर एक खुंटी बसवतात, तिच्याजवळ एक कांडी नेतात, लावतही नाहीत, नुसती जवळ, आणि यंत्र किणकिणतं आणि आकडा सांगतं. डावा बोलला. उजवा बोलला. बाई म्हणाल्या, आजी, दोन्ही पक्के. तिथेच खुर्चीत मला गाणं म्हणायचं होतं, पण तोंडात कापूस होता.

घरी येऊन चमचा धूत होते. तो हातातून सटकला, आणि मला एकदम तुमचा उलगडा झाला. पहिल्या पत्रात चूका भरपूर, तुमचं लाल भरपूर. दुसऱ्यात कमी, लालही कमी. तिसऱ्यात एकही नाही, आणि तुम्हीही नाही. माझं पत्रच चमचा झालं होतं, विहिणबाई. तुम्ही आलात, चाचपलंत, धरायला काही सापडलं नाही, निघून गेलात.

म्हणून आज डिंकीला सांगितलं, या पत्रात चूका पेर. ती कबूल होईना. म्हणते, खालच्या आजीने शिकवलंय, हात चुकीकडे जातच नाही. शेवटी मी हिच्या मानगुटीवर बसून पाच-सहा करून घेतल्या. दर चुकीला तिने असं तोंड केलं जशी काही मी तिच्याकडून चोरी करवून घेतेय. तुमची विद्यार्थीनी आहे, हे एवढ्यावरूनच कळावं.

पेन्सील घ्या. पोटभर घ्या.

तुमची विहिण


३ जुलै

विहीणबाई,

आलं! आठवड्यात आलं. सगळं लालेलाल. आणि या खेपेला कडेला, उभ्या रेघेच्या बाहेर, तुमच्या स्वतःच्या दोन ओळी. डिंकीने त्या उभ्याने वाचल्या, मग बसून वाचल्या, मग खिडकीपाशी नेऊन वाचल्या.

एक: “‘चुका’मधला उकार पहिला.”

दुसरी: “साधाही धरला. मग डिंकाचा उपयोग काय?”

अशी ही तुमची दोन वर्षांतली पहिली विचारपूस. डिंकी लगेच चार पानी उत्तर लिहायला बसली, की कुणाच्या हाडात किती जोर असतो, म्हाताऱ्यांना किती थांबावं लागतं, लवकर धरण्याचं मोल काय, एका आजीच्या तोंडावरून काहीच ठरत नाही, सगळ्या रोग्यांची पाकिटं उघडल्यावरच सांगता येईल. मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. म्हटलं, खुळी आहेस का? उत्तर पाठवलंस की त्या ते तपासून परत पाठवतील आणि तिथेच संपेल. ज्यांचा प्रश्न आहे त्यांनी उत्तर न्यायला यावं.

पैजेचं म्हणाल तर अडकलीय. मी म्हणते धरले, तुम्ही म्हणाल डिंकावाचूनही धरतात. पंच नेमायला कुणी तयार नाही. तुमची लेक आणि माझा मुलगा, दोघांनाही विचारलं. दोघांनाही त्याच क्षणी बाजारातून काहीतरी आणायचं आठवलं.

म्हणून पैज बाजूला ठेवून मी एक काम केलं. पेन माझ्या हातात टिकत नाही, सुई टिकते. डिंकीकडून शिवणाच्या खडूने तीन अक्षरं कापडावर काढून घेतली, डोळ्यांत भरून घेतली, मग कापड धुऊन टाकलं. म्हटलं, गिरवायचं नाही, आपलं आपण. पांढऱ्या सुती तुकड्यावर लाल धाग्याने शिवली. आयुष्यात पहिल्यांदा मी काही लिहिलं, विहीणबाई, आणि खरं सांगते, उसवता आलं असतं म्हणूनच धीर झाला.

शिवून झाल्यावर डिंकीला दाखवलं. तिने कापड दोन्ही हातांनी ताणून बघितलं. मग म्हणाली, “आजी, ती काठी चुकीच्या बाजूला गेली गं.”

मला ती तिथे बरी दिसली होती. तोल येत होता. ती सुई घेऊन उसवायला निघाली, तेवढ्यात मी कापड ओढून घेतलं आणि या पाकिटात घातलं. तुमच्यासमोर आहे ते:

घरि या

चूक असेल तर आहे. पण ही शाईची नाही, टाक्याची आहे, तिला तुमची पेन्सिल चालणार नाही. ती काठी इकडून उसवून तिकडे शिवावी लागेल. तुम्हांला सुईत दोरा ओवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमची बटणं आजवर मीच लावत आलेय. आणि तुम्हांला चूक तशीच ठेवून झोप लागत नाही, हेही मला ठाऊक आहे.

सुई माझ्याकडे आहे. कापड तुमच्याकडे. आता काय करायचं ते तुम्ही बघा.

विहीण

ता.क. वर टोप्या बसल्या. दात. दात. दात. ऐकू आलं का?


१४ जानेवारी

डिंके,

अक्षर ओळखलंस ना? माझं नव्हे, घाबरू नकोस. तू परमुलुखात जाऊन मोठमोठ्या लोकांपुढे स्क्रूंची गोष्ट सांगणार, आणि इथे माझी लेखनिक गेली. म्हणून नवी ठेवली. ही वयाने मोठी आहे, पगार घेत नाही, आणि माझ्या प्रत्येक वाक्याला नाक मुरडून मग लिहिते. आत्ता म्हणाली, “नाक मुरडून हे मी लिहिणार नाही.” लिहिलंय बघ.

तुला पत्र लिहायचं कारण, काल डॉक्टरीणबाईंनी माझं पाकीट उघडून सांगितलं. तुला सगळ्या रोग्यांचं मिळून आधीच कळलंय, पण माझं एकटीचं कळलं नसेल. डिंके, अस्तर उजव्याला होतं. वर्षभर मी डाव्याचे लाड केले, सफरचंदाचा पहिला घास डाव्याला दिला, झोपताना त्याच्यावर जीभ फिरवून शाबूत आहेस ना रे विचारलं. आणि तुझी मेहनत इकडे उजवीकडे गप्प बसून होती. उजव्याची माफी मागितली. या बाई म्हणतात, माफी मागितली यात काय लिहिण्यासारखं आहे. लिहा हो.

डॉक्टरीणबाईंनी असंही सांगितलं की अस्तरवाल्यांना हाडाने लवकर धरलं, साध्यांनी नंतर गाठलं. मी म्हटलं, म्हणजे आमच्या दोघींसारखंच. लवकर काय आणि उशिरा काय. यावर लेखनिक खोकली.

तुला तो जुलैतला दिवस आठवतो का? मला रोज आठवतो. मी दार उघडलं तर या जिन्यात उभ्या, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ते कापड. ना नमस्कार, ना खुशाली. म्हणाल्या, “वेलांटी दीर्घ. उजवीकडे.” मी नवे दात सगळेच्या सगळे दाखवून हसले. या वेळी त्या रागावल्या नाहीत, उलट जवळ येऊन माझ्या तोंडात निरखून बघू लागल्या, यातला डिंकाचा कुठला म्हणून. मी काठी उसवली, इकडून तिकडे शिवली, त्या शेजारी बसून बोटाने जागा दाखवत होत्या. तेवढ्यात तू प्रयोगशाळेतून आलीस आणि दारातच खिळलीस. तुला पुढे यावं की मागे जावं कळेना. तेव्हा या काय म्हणाल्या ते मी विसरणार नाही.

“ये आत. माझी अंघोळ झाली.”

तू रडलीस आणि हसलीस, दोन्ही एकदम, ते काम माझ्याकडून आलंय तुझ्यात.

आता इथलं ऐक. खालच्या खोलीचं कुलूप गेलं, खिडकीत कुंड्या आल्या. या रोज दातांच्या इस्पितळात जातात. झालं असं की माझ्यासोबत एकदा आल्या आणि रोग्यांना देतात त्या माहितीच्या कागदात यांना चुका सापडल्या. झालं, धरायला जागा मिळाली! कागद नवा लिहून दिला. आता ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या शेजारी बसून तो वाचून दाखवतात, आणि कुणी विचारलं, हे अस्तर म्हणजे काय हो, की खिशातून चमचा काढतात. काल आपल्या दूधवाल्यालाही तीन मणी समजावले. तो बिचारा दूध घालायचं विसरून गेला. ‘डिंक’ हा शब्द मात्र कुणी उच्चारलेला चालत नाही. मी तुला डिंकी म्हणते तेव्हाही डोळे वटारतात, आणि त्यांनीच तो काढला होता म्हटलं की ऐकू येत नाही.

तिकडे भाषण करताना घाबरू नकोस. समोरचे कितीही शिकलेले असले तरी त्यांनाही धरायला काहीतरी लागतंच. एखादी चूक राहिली तर राहू दे.

बस्स, एवढंच. अंगठा खाली. नाही, थांब. मी अंगठा उठवत होते तर यांनी कागद आपल्याकडे ओढला. लाल पेन्सिल काढली. म्हटलं, आता माझ्या पत्रात कसली चूक, तुम्हीच तर लिहिलंय? त्यांनी पाठ फिरवली. पाठीकडून वाकून बघितलं. सगळ्यांत खाली, तुझ्या नावाने, स्वतःच्या मनाने काहीतरी लिहिलंय, आणि काय ते मला सांगत नाहीत. मला वाचता येत नाही, पण मोजता येतं. तीन आहेत. तिन्ही चांगली उभी, तोंड बाहेर करून.

वाच आणि फोन करून मला सांग.

तुझी आजी

शाबास